बीपी नॉर्मल, पण कोणत्या पट्ट्याने?

भुशी धरणावर पावसाळ्यात कणसे भाजून विकणाऱ्या गरोदर बाईच्या कार्डावर ‘बीपी नॉर्मल’ लिहिलेले मी वाचते आणि विचारते, कोणत्या पट्ट्याने मोजले? मोठ्या माणसांचा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. अर्धपोटी बाईच्या काटकुळ्या दंडावर तो मोठा पडतो नि रक्तदाब खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. गरोदरपणात १४०/९० ही धोक्याची रेघ. त्यापुढे झटके, मृत्यूसुद्धा. वाण्याच्या काट्याला सरकारी शिक्का लागतो, मग या यंत्राची पारख कोण करते? मैत्रिणींनो, २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तिथे शिंप्याची टेप घेऊन जा, दंड मोजा, लहान पट्टा मागा. नसेल तर तसे लेखी घ्या.