‘बट’ खोडला, ‘अँड’ लिहिला

परवा तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून वळते तोच आमच्या वडगावच्या गल्लीतली एक मुलगी दारात. यंदा बी. कॉम. झाली, शिक्षण मराठी माध्यमातलं. एका पतसंस्थेत जागा निघाली आहे, अर्ज इंग्रजीत हवा.

“काकू, एवढं बघून द्या की. उद्या शेवटची तारीख आहे.”

चष्मा लावला. अक्षर मोत्यासारखं. एका ठिकाणी होतं, ‘ऑल्दो आय हॅव नो एक्स्पीरियन्स, बट आय विल लर्न.’ ही चूक आपल्या सगळ्यांची. मराठीत ‘जरी’ आला की पाठोपाठ ‘तरी’ यायचाच. इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो. ‘ऑल्दो’ ठेव नाहीतर ‘बट’.

पुढे, ‘आय नो टायपिंग, आय नो टॅली, आय कॅन स्पीक कन्नड.’ तीन पुरी वाक्यं आणि मध्ये नुसते स्वल्पविराम. तिला काय बोल लावायचा? आपण म्हणतो, ‘घरी जाऊन जेवून आले.’ शेजारच्या कन्नड घरातही ‘मनेगे होगी ऊटा माडी बंदे’. तीन क्रिया, पण ‘आणि’ कुठेच नाही. इकडे ‘ऊन’ आणि तिकडे ‘इ’ लावला की काम भागतं. इंग्रजीत मात्र ‘आय वेंट होम, एट अँड केम बॅक’ असा ‘अँड’ घालावाच लागतो. दोन पुरी वाक्यं जोडायची तर स्वल्पविरामानंतर जोडशब्द हवा, नाहीतर सरळ पूर्णविराम द्यावा.

जोडशब्द तिला पाठ होते. फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, यट, सो. आद्याक्षरं जुळवून ‘फॅनबॉइज’ म्हणे! आमच्या वेळी असलं काही नव्हतं, छडी होती.

आणि मग ती ओळ आली. ‘माय फादर इज अ वीव्हर, बट आय अ‍ॅम अ ग्रॅज्युएट.’ व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. तरी माझं पेन थांबलं. तिच्या अप्पांच्या मागाचा खडखडाट मी रोज पहाटे ऐकते.

विचारलं, “अगं, ‘पण’ हे कुठलं उभयान्वयी अव्यय, सांग बघू?”

“न्यूनत्वबोधक.” शाळेतलं पाठांतर पक्कं होतं.

“म्हणजे काय?”

“पहिल्या वाक्यात काही उणीव, कमीपणा असला तर...” एवढं म्हणाली आणि गप्पच झाली. कागदाकडे बघत राहिली. मीही काही बोलले नाही. आत कुकरची शिट्टी झाली तेव्हा उठले.

परत आले तर हळूच म्हणाली, “माझ्या मनात तसं नव्हतं हो, काकू.”

“ठाऊक आहे मला. आता ‘अँड’ घालून वाच.”

तिनं मोठ्यानं वाचलं. ‘माय फादर इज अ वीव्हर, अँड आय अ‍ॅम अ ग्रॅज्युएट.’ मग पुन्हा एकदा वाचलं. तिथंच बसून सगळा अर्ज नव्यानं उतरवून काढला. खाडाखोड केलेला अर्ज पुढे करायचा नाही, एवढं तिला कळतं.

चप्पल घालताना म्हणाली, “अप्पांनी दुपारी अर्ज वाचून दाखव म्हटलं होतं. ती ओळ मी गाळलेली. आता दाखवते.”

माग अजून चालूच होता.