विलंबाचा भुर्दंड कोणावर?

परिचर्येचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलगी लगेच परिचारिका होत नाही. महाविद्यालयाने कागदपत्रे द्यावीत, विद्यापीठाने प्रमाणपत्र द्यावे, मग राज्य परिचर्या परिषदेने नोंदणी करावी. यांतील एक टेबल अडले की सारेच अडते. या विलंबाला कारकुनी हलगर्जीपणा म्हणून सोडून देणे चूक ठरेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही वेतनकपातच आहे. नोंदणीअभावी अशी मुलगी खाजगी रुग्णालयात ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून तुटपुंज्या विद्यावेतनावर राबते. शैक्षणिक कर्जाचे व्याज मात्र चढतच राहते. दिरंगाई कचेरीची, भुर्दंड मुलीला आणि लाभ मालकाला!

महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला. पुरेशा कारणाशिवाय मुदतीत सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. निकालापासून नोंदणीपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याला अशीच मुदत व असाच दंड असला पाहिजे. खाजगी महाविद्यालयांनाही त्यातून सूट नको. कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील अडलेल्या मुलींची यादी करून ही मागणी धसास लावावी. स्वतःच्या श्रमाचा दाखला मिळवण्यासाठी कोणालाही खिडकीपुढे हात जोडावे लागू नयेत.