मोटारमोडीचे अनुदान कोणाच्या पदरात?

२००९ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मोटारविक्रेत्यांच्या आवारांत एक विलक्षण विधी चालू होता. चालत्या मोटारीच्या इंजिनातील तेल काढून टाकायचे, त्याच्या जागी सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतायचे आणि इंजिन वेगाने फिरवत ठेवायचे. काही मिनिटांतच द्रावणातील पाणी उडून जाई, काचेसारखा कठीण थर यंत्राच्या अंतर्भागात जमे आणि कालपर्यंत माणसे वाहून नेणारे इंजिन कायमचे जखडून जाई. हे काम कोणा माथेफिरूचे नव्हते. ही पद्धत सरकारनेच नेमून दिलेली होती आणि इंजिन निकामी करण्याची हमी दिल्याशिवाय विक्रेत्याला सरकारी पैसा मिळत नसे. विशेष म्हणजे मोडण्यासाठी आणलेली मोटार चालू स्थितीत असणे ही योजनेची पहिली अट होती. बंद पडलेल्या मोटारीला तेथे प्रवेश नव्हता.

‘कॅश फॉर क्लंकर्स’, म्हणजे खटाऱ्याला रोकड, या नावाने ही योजना लोकांच्या तोंडी झाली. तिची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. क्रायस्लर कंपनी त्या वर्षीच्या एप्रिलअखेर दिवाळखोरीत गेली, १ जूनला जनरल मोटर्सने तोच मार्ग धरला आणि बेकारीचे प्रमाण वर्षअखेरीपर्यंत १० टक्क्यांना जाऊन भिडले. अध्यक्ष ओबामा यांनी जूनच्या अखेरीस विधेयकावर सही केली. जुनी, पेट्रोल पिणारी मोटार विक्रेत्याला द्यावी, तिच्या बदल्यात अधिक काटकसरी नवी मोटार घ्यावी आणि सरकारने नव्या मोटारीच्या किमतीतून ३,५०० किंवा ४,५०० डॉलर परस्पर चुकते करावेत, असा हा व्यवहार होता. आरंभी मंजूर झालेले १ अब्ज डॉलर जुलैअखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठवड्याभरात, संपत आले. काँग्रेसने घाईघाईने आणखी २ अब्ज दिले. २४ ऑगस्टला योजना बंद झाली तेव्हा सुमारे ६ लाख ७७ हजार मोटारी मोडीत निघाल्या होत्या आणि २८५ कोटी डॉलर वाटले गेले होते. एका व्यवहारामागे सरासरी ४,२०० डॉलर पडले.

आपाततः पाहता या योजनेत सर्वांचेच भले होते. कामगाराला काम, ग्राहकाला सवलत, हवेला दिलासा! राजकारणात ज्या योजनेला कोणीच शत्रू नसतो, तिचा हिशेब बहुधा कोणी मागत नाही. म्हणूनच तो मागणे अगत्याचे आहे.

प्रथम अटी पाहू. जुन्या मोटारीचे मायलेज गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी असले पाहिजे, म्हणजे आपल्या मापाने लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास. ज्या गृहस्थाने दहा वर्षांपूर्वी विचारपूर्वक लहान मोटार घेतली आणि गॅलनला २५-२८ मैल मिळवले, त्याला छदामही मिळणार नव्हता. ज्याने त्याच काळात हौसेने अजस्र जीप घेतली, तो मात्र पात्र! मोडीत निघालेल्या मोटारींत फोर्ड एक्सप्लोरर अग्रभागी होती, हे ओघानेच आले. उधळपट्टी करणाऱ्याला सुधारण्यासाठी बक्षीस द्यावे आणि काटकसरीने राहिलेल्याकडून कराच्या रूपाने त्या बक्षिसाचा वाटा घ्यावा, हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रात बसतो? बरे, सुधारणा तरी किती हवी? हलक्या ट्रकच्या वर्गात, आणि अमेरिकेत जीपसारख्या मोटारी त्याच वर्गात मोडतात, गॅलनमागे अवघे २ मैल सुधारले तरी ३,५०० डॉलर मिळत. लिटरमागे हे एक किलोमीटरही भरत नाही.

दुसरी अट अशी की जुनी मोटार सलग एक वर्ष त्याच मालकाच्या नावावर आणि त्या संपूर्ण काळात विमा उतरवलेली असली पाहिजे. फसवणूक टाळण्यासाठी ही अट ठेवली होती, आणि तिचा तो हेतू अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु हप्ता चुकल्यामुळे ज्याचा विमा मध्येच खंडित झाला, तो कोण असतो? हंगामी मजुरी करणारा, काम सुटलेला, भाड्याच्या घरात राहणारा माणूस. तिसरी अट तर मूलभूतच होती: मोटार नवी कोरीच घेतली पाहिजे. सवलत वजा जाता लहानातल्या लहान मोटारीचेही काही हजार डॉलर उरत. ते रोख असावेत किंवा बँकेने कर्ज देण्याइतकी पत तरी असावी. २००९ सालच्या मंदीत ही पत कोणाजवळ शिल्लक होती? निम्म्या किमतीत जुनी पण काटकसरी मोटार घेऊन इंधन वाचवू पाहणाऱ्याला योजनेत स्थान नव्हते. त्याच्या उपयोगाची चीज तर इंजिनात काच ओतून नष्ट केली जात होती.

येथे एक अतिशयोक्ती मात्र टाळली पाहिजे. या योजनेने गरिबांचा जुन्या मोटारींचा बाजारच बुडवला, असे काही टीकाकार म्हणतात. अमेरिकेत वर्षाकाठी तीन कोटींहून अधिक जुन्या मोटारी हातोहात विकल्या जातात. त्या मानाने पावणेसात लाखांचा आकडा लहान आहे. बाजार बुडाला नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. १९३३ साली, महामंदीच्या ऐन भरात, रूझवेल्ट सरकारने शेतमालाचे भाव सावरण्यासाठी सुमारे ६० लाख डुकरे मारवली आणि उभ्या कापसावर नांगर फिरवला. तेव्हा भुकेल्या देशात संतापाची लाट उठली आणि त्यातले काही मांस तरी मदतकेंद्रांतून गरिबांच्या ताटात गेले. २००९ साली मोडलेल्या इंजिनांतून कोणाच्या ताटात काही पडण्याची सोय नव्हती.

पात्रतेच्या या चाळणीतून कोण खाली उतरले याचा पडताळाही उपलब्ध आहे. ब्रुकिंग्ज संस्थेचे टेड गेयर आणि एमिली पार्कर यांनी २०१३ साली योजनेचा ताळेबंद मांडला. त्याच वर्षी अनुदानाविना नवी वा जुनी मोटार घेणाऱ्या कुटुंबांशी तुलना करता, अनुदान घेणारी कुटुंबे अधिक उत्पन्नाची, अधिक वयाची, अधिक शिकलेली, स्वतःचे घर असलेली आणि बहुतांशी गोरी होती. ती अब्जाधीशांची कुटुंबे नव्हती. अब्जाधीश कोरोला घेत नाहीत! पण मंदीचा आघात ज्यांच्या पाठीवर सर्वांत जोराने बसला, त्यांचीही ती नव्हती.

यावर समर्थकांचे उत्तर ठरलेले असते: अनुदान कोणाच्या खिशात गेले हे गौण आहे, मागणी वाढली, कारखाने चालले, कामगार वाचला. हा युक्तिवाद केन्सचा आहे आणि त्याला थट्टेने उडवून लावणे बरोबर नाही. बाटल्यांत नोटा भरून जुन्या खाणींत पुराव्यात आणि त्या खणून काढण्याचे काम लोकांना द्यावे, असे उपहासाने लिहिताना केन्सला एवढेच सुचवायचे होते की काहीच न करण्यापेक्षा तेही बरे. घरे बांधणे अर्थात त्याहून शहाणपणाचे. तेव्हा मागणी खरोखर वाढली काय, हाच प्रश्न उरतो. अतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी ज्या शहरांत अशा जुन्या मोटारी जास्त होत्या त्यांची आणि जेथे कमी होत्या त्यांची तुलना केली. जुलै-ऑगस्टमध्ये योजनेमुळे सुमारे ३ लाख ७० हजार मोटारी जादा खपल्या हे खरे. परंतु ती जवळजवळ सर्व खरेदी पुढच्याच काही महिन्यांतून ओढून आणलेली होती. मार्च २०१० पर्यंत वाढ पुरती जिरून गेली. त्या शहरांतील रोजगारावर परिणाम झाल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. टेक्सासमधील नोंदींवर आधारलेले, २०१७ साली प्रसिद्ध झालेले दुसरे संशोधन याहून बोलके आहे: अनुदानापैकी सुमारे ६० टक्के रक्कम त्या दोन महिन्यांत एरवीही मोटार घेणारच होते अशा कुटुंबांना गेली, आणि मायलेजच्या अटीमुळे लोक स्वस्त, लहान मोटारींकडे वळल्याने मोटारउद्योगाचे एकूण उत्पन्न उलट घटले. गेयर-पार्कर यांच्या हिशेबाने एका रोजगारामागे १४ लाख डॉलर खर्ची पडले.

आणि वाचला तो कामगार कोणता? योजनेत सर्वाधिक खपलेली मोटार टोयोटा कोरोला होती. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे टोयोटा व जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतील कारखान्यात कोरोला तयार होई. टोयोटाच्या अमेरिकेतील कारखान्यांपैकी मोटार कामगार संघटनेची मान्यता असलेला तो एकमेव. जूनमध्ये जनरल मोटर्सने भागीदारी सोडली होती. सरकारी पैशावर कोरोलाची विक्री शिगेला पोहोचलेली असताना, योजना संपल्यावर अवघ्या काही दिवसांत, टोयोटाने तो कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची मोटार बाहेर पडली आणि सुमारे ४,७०० कामगार घरी गेले. उत्पादन अन्यत्र हलवणे मालकाला सोयीचे होते. अनुदानाच्या कायद्यात विक्रेत्याने इंजिन कसे मोडावे याचे बारकावे होते, खरेदीदाराने विमा किती महिने ठेवावा याचे कलम होते. मोटार बनवणाऱ्या कंपनीने एकाही कामगाराला कामावर ठेवावे असे कलम मात्र नव्हते.

इंधनाचे काय? मोडीत निघालेल्या मोटारी सरासरी १५.८ मैल देत होत्या, नव्या २४.९ मैल देऊ लागल्या. ही सुधारणा खरी आहे. परंतु देशाच्या प्रमाणात बचत किती, तर दोन ते आठ दिवसांच्या पेट्रोलइतकी. कार्बनचा एक टन वाचवण्यास ९१ ते ३०१ डॉलर पडले. ऑगस्टमध्ये जे २ अब्ज डॉलर नव्याने ओतले गेले, ते अपारंपरिक ऊर्जाप्रकल्पांच्या कर्जहमीसाठी राखून ठेवलेल्या निधीतून काढलेले होते. पर्यावरणाच्या नावाने मोटारी विकण्यासाठी सौरऊर्जेच्या पेटीला हात घालावा, यातच हेतूंचा क्रम उघड होतो.

जर्मनीने त्याच वर्षी हाच खेळ अधिक मोठ्या पटावर मांडला. नऊ वर्षांहून जुनी मोटार मोडणाऱ्यास २,५०० युरो. एकूण ५ अब्ज युरो. सुमारे २० लाख मोटारी. नाव ‘पर्यावरण-बक्षीस’, पण नव्या मोटारीचे मायलेज जुनीहून चांगले असावे अशी अटच नाही. तेथे बेकारभत्त्यावर जगणाऱ्या एखाद्याने हे बक्षीस घेतले, तर सरकारी पक्ष ते त्याचे उत्पन्न मानून भत्त्यातून कापू पाहत असे. प्रकरणे न्यायालयांत गेली आणि न्यायालयांचे निर्णयही एकमेकांविरुद्ध लागले. नोकरदाराला बक्षीस आणि बेकाराला वजावट! अमेरिकी कायद्याने निदान ही रक्कम उत्पन्नात न धरण्याचे औदार्य दाखवले होते.

अशी योजना अन्य प्रकारे आखताच येत नाही असे नव्हे. कॅलिफोर्नियातच नंतर ‘क्लीन कार्स फॉर ऑल’ हा कार्यक्रम आला. तो कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपुरता मर्यादित असून उत्पन्न जितके कमी तितके साहाय्य अधिक असते. त्यातून वापरलेली पण स्वच्छ मोटार घेता येते. आणि मोटार नकोच असेल तर बस-रेल्वेच्या प्रवासासाठी वा विजेच्या सायकलीसाठी पैसे मिळतात. फ्रान्सने २०२४ च्या जानेवारीत उत्पन्नाची मर्यादा घालून, कामासाठी दूर जावे लागणाऱ्यांना महिना सुमारे १०० युरोत विजेची मोटार भाड्याने देऊ केली. सहा आठवड्यांत ५० हजार अर्ज मंजूर होऊन ती खिडकी बंद करावी लागली. गरिबाला स्वच्छ वाहन नको असते हा समज त्यानंतर टिकू नये.

भारतात वाहनमोडीचे धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. जुने वाहन नोंदणीकृत केंद्रात मोडावे, प्रमाणपत्र घ्यावे आणि ते दाखवून नव्या वाहनावर सवलत मिळवावी. रस्ताकरात खाजगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद नियमांत आहे. नवे वाहन जुन्याहून कमी इंधन खाणारे हवे, अशी अट येथेही नाही. आणि ज्याला नवे घेणे परवडत नाही, त्याच्यासाठी दुसरी बाजू आहे: पंधरा वर्षांच्या मोटारीचे नोंदणी-नूतनीकरण शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, मोटारसायकलचे ३०० वरून १,०००. ज्या देशात बारा घरांमागे जेमतेम एका घरी मोटार आहे, तेथे एकीकडे ही सूट आणि दुसरीकडे ही वाढ कोणाच्या वाट्याला येते हे वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०२४ मध्ये मोटारउत्पादकांनी मोडीच्या प्रमाणपत्रावर जी सूट कबूल केली ती किमतीच्या दीड टक्का किंवा २० हजार रुपये, यांपैकी जी कमी असेल ती. सहा लाखांची मोटार घेणाऱ्यास ९ हजार. चौदा लाखांची घेणाऱ्यास पूर्ण २० हजार.

मुंबईत वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. वृत्तपत्रांनी हळहळ व्यक्त करणारे लेख छापले, छायाचित्रे छापली. जुन्या टॅक्सीच्या जागी नवी आणावयाची तर सात-आठ लाखांचे कर्ज आणि त्याचे हप्ते येतात. त्यापुढे दीड टक्क्याची सूट काही दिवसांच्या धंद्याइतकी. तीही टॅक्सी ज्याच्या मालकीची त्याला. या शहरातील कितीतरी चालक दुसऱ्याची टॅक्सी पाळीने, रोजच्या भाड्यावर चालवतात. गाडी मोडीत गेली की त्यांचा रोजगार थांबतो. प्रमाणपत्र निघते ते मालकाच्या नावाने.