एका मोटारीचे धनी

मोटारीचा खरा धनी कोण, पैसा ओतणारा की जीव धोक्यात घालून ती हाकणारा? इंग्लंडातील ‘बेंटले ब्लोअर नंबर वन’ या लाल शर्यतीच्या मोटारीचा वृत्तांत वाचताना आमच्या मनात हा प्रश्न वारंवार आला. सर हेन्री बर्किन यांस इंजिनात पंपाने हवा कोंबून वेग वाढविण्याची हौस; खुद्द बेंटलेसाहेबांस ती युक्ती नापसंत! अखेर खर्च सोसला मिस डोरोथी पॅजेट या धनाढ्य बाईंनी. १९३० साली त्यांनी इतर मोटारींवरून हात आखडता घेतला, ही मात्र ठेविली. (बाईंचा खरा ओढा घोड्यांकडेच!) २४ मार्च १९३२ रोजी ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गावर बर्किन यांनी ती ताशी १३७.९६ मैल पळविली. तो उच्चांक १९३४ पर्यंत टिकला; बर्किन मात्र १९३३ च्या जूनमध्येच, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी निवर्तले. मोटार बाईंकडेच राहिली.

पुढे हस्ते-परहस्ते ती जॉर्ज डॅनियल्स या घड्याळजीकडे आली. दारिद्र्यात वाढलेला हा कारागीर सबंध घड्याळ स्वहस्ते घडवीत असे. २०११ साली तो वारला. २०१२ च्या लिलावात मोटारीस पन्नास लाख पौंडांहून अधिक किंमत आली, आणि त्याच्या मिळकतीचा मोठा वाटा घड्याळविद्या व यंत्रविद्या शिकणाऱ्यांसाठी त्याच्याच नावाच्या शिक्षणनिधीस गेला.