कागदावरची कंबर

पंधरवड्यापूर्वी पेपराच्या घडीत एक पत्रक आलं. 'कंबर दुखते? मणक्याचा एमआरआय निम्म्या दरात. चिठ्ठीची गरज नाही.' या आठवड्यात त्या पत्रकाची माणसं माझ्या दवाखान्यात आली. कंबर त्यांची आधीही दुखत होती, पण ती तशीच घेऊन माणसं शेतात, शाळेत, दुकानाच्या गल्ल्यावर जात होती. आता हातात काळ्या फिल्मांचा मोठा लिफाफा आहे आणि कामावर जाणं बंद आहे. या आठवड्यात जे पाहिलं त्यावर गप्प बसणं मला जमणार नाही.

त्यातली एक चौतिशीची शिक्षिका. "मॅडम, एक गादी सरकलीय आणि दुसरी सुकलीय," असं म्हणतच ती आत आली आणि खुर्चीच्या कडेवर ताठ बसली. रिपोर्टात लिहिलं होतं: एल-४ एल-५ ला डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकवर इंडेंटेशन, एल-५ एस-१ ला डेसिकेशन. हे तिला कुणीही समजावून सांगितलं नव्हतं. कागद काउंटरवर मिळाला, घरी जाऊन तिने मोबाइलवर एकेक शब्द शोधला. नवऱ्याने मेडिकलमधून पट्टा आणला, सासूबाईंनी गादी काढून सतरंजी अंथरली आणि दोन वर्षांच्या मुलाला उचलणं तिने सोडून दिलं. पोरगं हात वर करून समोर उभं राहतं आणि ही बाजूला होते.

मी तिला आधी टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. उताणं निजवून गुडघा न वाकवता एकेक पाय वर उचलला. पायात कळ गेली नाही. पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगितला आणि बोटाने खाली दाबून पाहिला. दोन्हीकडे जोर सारखा होता. गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारून पाहिली. लघवी-शौचाचं, जांघेतल्या बधिरपणाचं, तापाचं, वजन उतरल्याचं, जुन्या आजारांचं विचारलं. याला पाच-सात मिनिटं लागतात. दुखणं कमरेपुरतं होतं, तीन आठवड्यांचं होतं आणि उतरणीला लागलेलं होतं. नस दबल्याची एकही खूण सापडली नाही. मुलगा बाहेर आजीपाशी बसला होता. त्याला आत बोलावून घेतलं आणि तिला म्हटलं, उचल. पहिल्यांदा तिने भीतभीत उचललं, दुसऱ्यांदा नीट.

रिपोर्ट खोटा नव्हता. गादी थोडी फुगलेली होतीच. पण तशी ती कुणाकुणाची असते हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त माणसांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतच ३० टक्के लोकांत डिस्क बल्ज सापडला, तिशीत ४० टक्के, चाळिशीत ५० टक्के. गादीची झीज तिशीत ५२ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. ही सगळी न दुखणारी माणसं आहेत. म्हणजे चौतिशीच्या बाईच्या मणक्यात असा काही बदल दिसणं हे तिच्या वयाला धरूनच आहे. हे तिला सांगायला हवं होतं, आणि काउंटरवर कागद सरकवताना ते सांगायला कुणी नव्हतं.

आता ज्या तुलनेसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजसेकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला आणि तो २०२१ साली 'युरोपियन स्पाइन जर्नल'मध्ये आला. सौम्य ते मध्यम स्वरूपाची, जुनाट कंबरदुखी असलेले रुग्ण घेतले. सगळ्यांचे एमआरआय काढले. शस्त्रक्रियेची गरज कुणालाच नव्हती. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रिपोर्टात जे जे लिहिलं होतं ते सगळं जसंच्या तसं समजावून सांगितलं. दुसऱ्या गटाला सांगितलं की तुमचा एमआरआय नॉर्मल आहे, जे बदल दिसतात ते वयानुसार होणारे आहेत. पुढे सहा आठवडे दोन्ही गटांवर शस्त्रक्रियेविना उपचार झाले.

सहा आठवड्यांनी पाहिलं तेव्हा दोन्ही गट वेगळ्या वाटेला गेलेले होते. रिपोर्ट सविस्तर ऐकलेल्यांना आपला मणका खराब झालाय असं वाटत होतं, दुखण्याची भीती वाढली होती, वेदना कमी होण्यात आणि कामाला लागण्यात ते मागे पडले होते. धीर दिलेले पुढे निघून गेले होते. दोन्हीकडे दुखणं तेच आणि मणके सारखेच झिजलेले. फरक होता तो फक्त डॉक्टरांच्या तोंडून काय बाहेर पडलं याचा.

रुग्ण फार नव्हते, संख्येने चाळीसच्या आसपास, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. पण मला तो पटतो, कारण मी रोज तेच पाहते. 'गॅप आलाय' हे दोन शब्द ऐकले की माणूस वाकणं सोडतो. वाकणं सोडलं की पाठीचे स्नायू दिवसभर आवळलेले राहतात. आवळलेले स्नायू दुखतात, आणि ते दुखलं की गॅप वाढला असं वाटतं. मग जमिनीवर बसणं बंद, कळशी बंद, घरात उंच कमोड बसतो. सहा महिन्यांत चाळिशीचा माणूस साठीच्या माणसासारखा उठू-बसू लागतो, आणि यातलं काहीही मूळ आजाराने केलेलं नसतं.

याच प्रयोगाचा दुसरा भाग डॉक्टर मंडळींनी मुद्दाम वाचावा. भीतीदायक शब्द काढून, काय वयानुसार आहे आणि काय खरंच महत्त्वाचं आहे हे वेगळं करून तेच रिपोर्ट पुन्हा लिहिले. कुठला रिपोर्ट कसा लिहिलाय हे न सांगता ते डॉक्टरांना दाखवले. नव्या भाषेतला रिपोर्ट वाचून डॉक्टरांनाच आजार कमी गंभीर वाटला आणि शस्त्रक्रिया लागेल असं म्हणणं कमी झालं. शिकलेल्या, अनुभवी डॉक्टरांवर शब्दांचा एवढा परिणाम होत असेल, तर मोबाइल घेऊन एकट्या बसलेल्या रुग्णाची काय कथा?

एक सहकारी म्हणाले, "मग काय, रुग्णापासून लपवायचं?" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की यात लपवण्यासारखं काही नाही. 'तुमच्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसांतही हे सर्रास दिसतं' हे वाक्य पूर्ण खरं आहे. ते गाळून नुसता 'डिस्क बल्ज' सांगणं हे अर्धवट खरं आहे, आणि रुग्णाचं नुकसान त्या अर्धवट खऱ्याने होतं.

अमेरिकेत हेच वाक्य रिपोर्टाच्या खाली छापून पाहिलं. लाखो रुग्णांवरचा तो अभ्यास २०२० साली आला. कोणत्या वयाच्या किती निरोगी माणसांत असं दिसतं हे प्रत्येक रिपोर्टात छापलं, तरी पाठीवरचा एकूण औषधोपचार कमी झाला नाही. अफूच्या वर्गातल्या वेदनाशामकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या किंचित घटल्या. काही जण म्हणतात, यावरून समजावण्याचा उपयोग नाही हेच सिद्ध झालं. मला नेमकं उलटं दिसतं. तिथे वाक्य कागदावर होतं, कोइमतूरला ते डॉक्टर समोर बसून सांगत होते. भीती कागदाने लागू शकते, पण ती उतरवायला माणूसच लागतो.

आमच्या आजीच्या काळी उसण भरली की पायाळू माणसाला बोलावत. तो दुखऱ्या जागी पाय लावायचा आणि म्हणायचा, झालं, ऊठ आता. पायाकडून जन्मल्याने कुणाच्या पायात औषध येत नाही, आणि त्या प्रथेची भलामण मी करणार नाही. पण अचानक भरलेली उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप निवळते, आणि तोवर त्या माणसाला कुणी 'तुझा मणका गेला' असं सांगत नसे. त्याला ऊठ म्हणत आणि तो उठायचा. हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर १९९५ साली जो अभ्यास झाला त्यातही हेच निघालं. काहींना दोन दिवस अंथरुणात झोपवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना सांगितलं की जमेल तसं रोजचं काम करत राहा. सगळ्यांत चांगले बरे झाले ते तिसरे.

एमआरआय कधी लागतो, हे नि:संदिग्ध सांगते, कारण या लेखाचा आधार घेऊन कुणी खरा आजार अंगावर काढू नये. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, बसायच्या जागेची संवेदना गेली, पायाची ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, घटतं वजन, रात्रीच्या झोपेतून उठवणारी ठणक, पूर्वीचा कर्करोग, म्हातारपणी साध्या पडण्यानंतर सुरू झालेली कळ, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, यांपैकी काही असेल तर तपासणी टाळू नका. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे आजही आहे आणि वेळीच ओळखला तर औषधांनी बरा होतो. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर सकाळी तास-दीड तास आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर तो संधिवाताचा वेगळा प्रकार असू शकतो. ज्यांना हे यंत्र लागतं ते हे लोक. दहातल्या नऊ कंबरदुख्यांत असं एकच ठरावीक कारण बोट ठेवून दाखवता येत नाही.

मग त्या नऊ जणांची का दुखते? ओझी, एकाच स्थितीत तासन्‌तास काम, वजन, तंबाखूचा धूर, अपुरी झोप, मनावरचा ताण, आणि आधी एकदा दुखून गेलेलं असणं. यातलं काहीही एमआरआयच्या फिल्मवर दिसत नाही. आमच्या कारखान्याच्या पट्ट्यात ऊसतोडीला येणारी बाई पहाटे कोयता घेते, दिवसभर वाकून तोडते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, आणि रात्री कोपीवर येऊन स्वयंपाक करते. तिला 'काम करत राहा' असं मी कुठल्या तोंडाने सांगू? हलतं राहण्याचा सल्ला ज्याला विसावा मिळतो त्याच्यासाठी आहे. तिच्या कंबरेचा उपचार मोळीचं वजन, सुट्टी आणि मजुरी यांत आहे, आणि तो लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरकडे नाही. सरकारकडे आणि कारखान्याकडे आहे.

उपचारांबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात व्यायाम, समजावून सांगणं, मानसिक आधाराचे उपचार आहेत. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमी वापरू नका असं स्पष्ट म्हटलंय. तरी आमच्या प्रत्येक मेडिकलच्या दारात पट्टे टांगलेले आहेत. पायात कळ जाते म्हणून सर्रास लिहून दिली जाणारी प्रीगॅबालिन ही गोळी २०१७ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाही, गरगर मात्र वाढली. खरोखर नस दबून पाय असह्य दुखत असेल तर शस्त्रक्रियेने आराम लवकर पडतो. पण नेदरलँड्सच्या २००७ च्या अभ्यासात वर्षभरानंतर लवकर ऑपरेशन केलेले आणि थांबून पाहिलेले, दोघेही सारखेच सुधारलेले होते.

आणि चालणं. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाने २०२४ साली कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना हळूहळू वाढवत नेऊन नियमित चालायला शिकवलं, त्यांचं दुखणं उलटायला सरासरी २०८ दिवस लागले. बाकीच्यांचं ११२ दिवसांतच उलटलं. म्हणून फुटपाथचा विषय मी काढते, आणि काढत राहीन. आमच्या बाजारपेठेत फुटपाथ नावाची जागा मोटारसायकली, गटाराची उघडी झाकणं आणि होर्डिंगच्या खांबांनी भरलेली आहे. रुग्णाला 'रोज अर्धा तास चाला' म्हटलं की तो विचारतो, "कुठे चालू, मॅडम?" नगरपरिषदेने एक सलग, सपाट, दिवे असलेला फुटपाथ दिला तर गावातल्या निम्म्या कंबरा सुधारतील, असं माझं ठाम मत आहे. आकडा मागाल तर माझ्याकडे नाही, पण हे मत मी मागे घेणार नाही.

वाचकांना एवढंच सांगते: कुणी एमआरआय काढायला सांगितला तर दोन प्रश्न विचारा. माझी तपासणी करून तुम्हाला काय शंका आली? आणि रिपोर्ट काहीही आला तरी माझा उपचार त्याने बदलणार आहे का? दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल तर पैसे वाचवा आणि चालायला लागा. डॉक्टर मित्रांना विनंती नाही, आग्रह आहे: रुग्णाला टाचांवर चालायला लावल्याशिवाय मणक्याचा रिपोर्ट वाचून दाखवू नका, आणि वाचून दाखवाल तेव्हा त्याच्या वयात हे किती जणांत दिसतं ते त्याच दमात सांगा. चिठ्ठीविना एमआरआय काढून कागद काउंटरवरून देणाऱ्यांनी तो देताना शेजारी एक डॉक्टर बसवावा. ते परवडत नसेल तर त्यांनी पत्रकं वाटणं थांबवावं.