पाना कोणाच्या हाती?

तुमच्या गल्लीत उभ्या असलेल्या मोटारींकडे एकदा बाजूने नीट पाहा. एखादी गाडी मागच्या बाजूला खाली बसलेली दिसेल. गाडी जुनी होऊन स्प्रिंगा थकलेल्या असतील, किंवा डिकीत सीएनजीची जड टाकी बसवल्यामुळे मागच्या चाकांवर कायमचा भार आला असेल. अशी गाडी प्रत्येक गतिरोधकावर पोट घासते. मग घरात चर्चा सुरू होते. एक जण म्हणतो, “गॅरेजात टाका. पैसे जातील, पण काम होईल.” दुसरा म्हणतो, “त्यात काय एवढे? जॅक लावायचा, दोन बोल्ट फिरवायचे. मी घरीच करतो.”

विद्यार्थी मित्रांनो, माझ्या मते या दोघांचाही विचार अपुरा आहे. पाना कोणी फिरवायचा हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की पाना फिरवल्याने नेमके काय बदलते हे कोणाला कळते, आणि ते कोण मोजून पाहतो? पैसे दिले म्हणून ही जबाबदारी टळत नाही, आणि हिंमत केली म्हणून ती पार पडत नाही.

उंची कशी ठरते?

मोटारीचे धड चाकांवर थेट टेकलेले नसते. मध्ये स्प्रिंग असते. रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम तुम्ही शिकला असालच. ज्या प्रमाणात बल, त्या प्रमाणात दबणे. समजा, एका चाकाच्या स्प्रिंगवर ३०० किलोचा भार आहे, म्हणजे सुमारे ३,००० न्यूटन बल. ती स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २५ न्यूटन लागतात असे धरू. मग ती १२० मिलिमीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर दबून थांबेल. जिथे ती थांबली, तिथे गाडीची उंची ठरली.

ही उंची वाढवायची तर स्प्रिंगच बदलता येते, किंवा स्प्रिंग ज्यावर टेकते ती बैठक सरकवता येते. दुसऱ्या प्रकाराचे चांगले उदाहरण म्हणजे २०१४ पर्यंत आपल्या देशात तयार होत असलेली ॲम्बॅसडर. तिच्या पुढच्या चाकांना वेटोळ्यांची स्प्रिंग नव्हती. तिथे पोलादाचा एक लांब, सरळ दांडा होता, ज्याला टॉर्शन बार म्हणतात. त्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला पक्के बसवलेले आणि दुसरे चाक धरणाऱ्या बाहूला जोडलेले. चाक वर उचलले गेले की दांड्याला पीळ बसतो, आपण ओले कापड पिळतो तसा. हा पीळ सुटू पाहतो आणि चाकाला खाली लोटतो. सांगाड्याकडच्या टोकाची पकड थोडी फिरवून बसवली की गाडी पुढून वर येते किंवा खाली जाते. अशा दांड्याच्या काही गाड्यांत याच कामासाठी एक बोल्ट दिलेला असतो.

हीच युक्ती घरच्या मोटारसायकलवरही पाहायला मिळते. पुष्कळ मोटारसायकलींच्या मागच्या स्प्रिंगेच्या बुडाशी पायऱ्या कापलेली एक कडी असते. हुकासारख्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंगेची बैठक एकेक पायरी वर चढते.

कडक झाली की नुसती वर आली?

कडी वर चढवल्यावर लोक म्हणतात, “स्प्रिंग कडक करून घेतली.” इथे जरा थांबा. साध्या स्प्रिंगला मिलिमीटरमागे २५ न्यूटन लागत असतील, तर कडी फिरवल्यावरही २५ च लागतात. स्प्रिंगेचे पोलाद तेच, जाडी तीच आणि वेटोळीही तितकीच. बदलते ती फक्त थांबण्याची जागा. गाडी वर आल्यामुळे खड्ड्यात दबायला अधिक वाव मिळतो. उलट, चाकाला खाली उतरायला तेवढाच वाव कमी होतो.

आता दुसरा, स्वस्तातला उपाय पाहा. बसलेल्या स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये रबराचा ठोकळा अडकवतात. काम थोड्या वेळाचे, खर्चही थोडा. गाडी वर येते हे खरे. पण जी वेटोळी रबराने अडवली, ती पूर्वीसारखी दबू शकत नाहीत. आठ वेटोळी जे काम करत होती ते समजा सहांवर आले, तर कडकपणा सहास आठ या प्रमाणात, म्हणजे एक तृतीयांशाने वाढला. गाडी खाली बसवण्याच्या हौसेने स्प्रिंग कापणारे लोकही नकळत हेच करतात.

दोन्ही उपायांनी गाडी तेवढीच वर आलेली दिसते, पण पहिल्यात स्प्रिंग आहे तशीच राहते आणि दुसऱ्यात तिचा स्वभाव बदलतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, तो समजून घ्यावा लागतो. ज्याला तो समजला नाही, त्याने काम घरी केले काय आणि पैसे देऊन करवले काय, सारखेच.

तीन कसोट्या

मग कोणते काम स्वतः करावे? मी तीन कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी : चूक झाली तर ती तशीच उलटी फिरवता येते का? मोटारसायकलची कडी दोन पायऱ्या चढवली आणि बरे वाटले नाही, तर दोन पायऱ्या उतरवता येते. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ही कृती दिलेली असेल, तर ती मालकाने करावी अशीच अपेक्षा आहे. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन ती जरूर करा. कापलेली स्प्रिंग मात्र पुन्हा जोडता येत नाही.

दुसरी कसोटी : त्या वस्तूत किती ऊर्जा कोंडलेली आहे? वरच्याच स्प्रिंगेचा हिशेब करू. ऊर्जा म्हणजे स्थिरांकाची निमपट गुणिले दाबाचा वर्ग. २५,००० ची निमपट १२,५००. तिला ०.१२ च्या वर्गाने गुणले की उत्तर येते १८० ज्यूल. ही ऊर्जा म्हणजे एक किलोचा दगड सुमारे १८ मीटरांवरून, सहाव्या मजल्यावरून, खाली पडावा तशी. मोटारीची स्प्रिंग काढताना ती शिकंजात दाबून धरावी लागते. शिकंजा घसरला तर हा दगड समोरच्या माणसाच्या अंगावर येतो. पिळलेल्या दांड्यातही अशीच ऊर्जा असते, आणि तो स्थिर दिसतो म्हणून अधिक फसवा. शिवाय नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. सांगाड्याखाली भक्कम लोखंडी आधार हवाच. ज्याच्याकडे योग्य हत्यारे नाहीत, त्याने या कामाचे पैसे द्यावेत. त्यात कमीपणा नाही.

तिसरी कसोटी : आपल्या चुकीचा भार कोणावर पडणार? समजा, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि तुम्ही पुढचा भाग तीन सेंटिमीटर उचलला. फक्त तीन! पण दिव्याचा झोत ५० मीटर अंतरावर ६० सेंटिमीटर वर जातो. म्हणजे रात्री समोरून येणाऱ्या सायकलस्वाराच्या थेट डोळ्यांत. हिशेब समरूप त्रिकोणांचा आहे, तुम्हीच करून पाहा.

चाकांचेही तसेच. उंची बदलली की चाक धरणाऱ्या बाहूंचे कोन बदलतात आणि पुष्कळ गाड्यांत चाकाची दिशाही किंचित बदलते. चाक अर्धाच अंश तिरपे राहिले, तर दर किलोमीटरमागे टायर सुमारे पावणेनऊ मीटर आडवे फरपटते. मुंबई ते पुणे या दीडशे किलोमीटरांत ही फरपट सव्वा किलोमीटरच्या वर जाते. गाडीची उंची वाढवताना वाचवलेले पैसे मग टायरवर जातात. आणि झिजलेल्या टायरने पावसात गाडी घसरली, तर नुकसान आपल्या एकट्याचे राहत नाही.

म्हणूनच या बाबतीत कायदाही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा फेरफार मालकाला मनास येईल तसा करता येत नाही. बसलेली गाडी मूळ उंचीवर आणणे ही दुरुस्ती झाली. तिच्यापलीकडे हौसेने चढवणे हे वेगळे प्रकरण आहे.

पैसे कशाचे द्यायचे?

कोणी विचारेल, “म्हणजे शेवटी गॅरेजच ना?” थांबा. गॅरेजला आपण पैसे देतो ते बोल्ट फिरवण्याचे नव्हेत. ते द्यायचे आधारावर गाडी चढवण्याचे, योग्य शिकंजाचे, चाकांचे कोन मोजणाऱ्या यंत्राचे आणि दिव्यांचा झोत पुन्हा जुळवून देण्याचे. यातले काहीही न करता नुसता ठोकळा बसवून पैसे घेणारे गॅरेज आणि घरी केलेला खटाटोप यांत फरक तो काय?

फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ मध्ये डीएस नावाची मोटार आणली. तिच्यात चालकाशेजारी एक दांडी होती. ती सरकवली की तेल आणि वायू यांच्या दाबावर सारी गाडी वर उचलली जाई. खराब रस्त्यासाठी थोडी, चाक बदलण्यासाठी सर्वांत जास्त. तिथे चालकाने स्वतः उंची बदलण्यात धोका नव्हता, कारण त्या प्रत्येक उंचीचा विचार अभियंत्यांनी आधीच करून ठेवला होता. तो विचार कोठेतरी व्हावाच लागतो. कारखान्यात झाला नसेल तर गॅरेजात व्हायला हवा, आणि गॅरेजात झाला की नाही हे मालकाने पाहायला हवे.

ते पाहायला फूटपट्टी पुरते. सपाट जागी, रिकाम्या गाडीच्या प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर टायरमधल्या हवेचा फरक त्यात मिसळतो. हे चार आकडे वहीत लिहून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा मोजा, आणि चाकांच्या कोनांचे आधीचे व नंतरचे आकडे कागदावर मागून घ्या. चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर रागावत नाही. आपले काम कळणारा कोणी भेटला, याचा त्याला आनंदच होतो.

शिक्षकांसाठी दोन शब्द

आपल्याकडे हूकच्या नियमावरील उदाहरण अचूक सोडवणारा विद्यार्थी घरच्या मोटारसायकलच्या स्प्रिंगेकडे त्या नजरेने पाहत नाही. दुसरीकडे, त्याच वयाचा मुलगा गॅरेजात स्प्रिंगा बदलत असतो, पण त्याला त्या नियमाचे नाव कोणी सांगितलेले नसते. एकाला समीकरण मिळाले, दुसऱ्याला हात मिळाले. गाडीची उंची कोणी बदलावी या वादाहून मला ही फारकत अधिक काळजीची वाटते.

ती थोडी तरी मिटवता येईल. शाळेत एक मोटारसायकल स्टँडवरून उतरवून दोघांनी सरळ धरावी. मागच्या चाकाच्या बरोबर वर, कॅरिअरवर, दहा दहा किलोच्या पिशव्या एकेक करून बांधाव्यात. प्रत्येक वेळी मागचा भाग दोन-तीनदा दाबून सोडावा, म्हणजे घर्षणाने अडकलेली स्प्रिंग मोकळी होईल. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचे अंतर मोजावे आणि आलेख काढावा. नंतर कडी दोन पायऱ्या चढवून पुन्हा सारे करावे. रेघ सरकते की तिचा चढ बदलतो? ज्या वर्गाने हे उत्तर स्वतःच्या हाताने काढले, त्याला “स्प्रिंग कडक केली” असे सांगून कोणी फसवू शकणार नाही.

पाना खुशाल दुसऱ्याच्या हाती द्या. फूटपट्टी मात्र आपल्याच हाती ठेवा.