प्रवास नऊ महिन्यांचा, तयारी तीन वर्षांची

मी मेडशीची. आमच्या वाशीम जिल्ह्यात समुद्र फक्त नकाशात. त्यात शिक्षण कॉन्व्हेंटचं, मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. पण सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं होस्टेल जागं दिसलं की मला कमांडर दिलीप दोंदे आठवतात.

19 ऑगस्ट 2009 ते 19 मे 2010. शिडाच्या ‘म्हादेई’ बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. तयारी मात्र 2006 पासूनची! गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बोट बांधली जात होती, तेव्हा दोंदे स्वतः त्या कामात होते. कारण साधं आहे. भर समुद्रात काही तुटलं तर मेकॅनिक कुठून आणणार? 2017 साली ‘तारिणी’वरून निघालेल्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनाही त्यांनीच तयार केलं.

आणि आपण? फाईल सीनियरची, जॉब दुसऱ्यानं घासलेला. मीही तेच केलं. व्हायवात सरांनी माझाच जॉब हातात घेऊन विचारलं, “इथे फट का राहिली?” मी गप्प. मार्क मिळाले, पण ती फट अजून डोक्यातून जात नाही.

उद्या साईटवर सीनियर नसणार. तेव्हा मंडळी, पुढचा जॉब तरी आपल्याच हातानं घासू या!